साठीची भेट: तीस मिलीच्या पाच कुप्या की एक मोठी बाटली?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मार्गशीर्षात वडिलांची साठी आहे. भाऊ लंडनहून येणार आहे आणि जुन्या, दुर्मीळ स्कॉचच्या तीस-तीस मिलीच्या पाच कुप्यांचा संच आणू म्हणतोय. तुम्हाला वाटतं, तेवढ्या पैशात एक चांगली मोठी बाटली येईल, आणि ३० मिलीत माणसाला कळणार तरी काय. बाबा फक्त शनिवारी एक पेग घेतात. कार्यक्रम इंदूरला की आत्याकडे बडोद्याला, हे अजून ठरलेलं नाही. आणि आजोबांच्या शोकेसमध्ये सात-आठ जुन्या मिनिएचर, म्हणजे व्हिस्कीच्या छोट्या बाटल्या, आहेत, त्या त्याच दिवशी उघडाव्यात का, हेही विचारलंत.

मी बावीस वर्षं एका मद्यकारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यातली चौदा वर्षं चाखणीच्या टेबलावर गेली: सकाळी दहा ते बारा, पंधरा-वीस नमुने, हुंगायचे, चाखायचे, थुंकायचे आणि वहीत लिहायचे. नोकरी सोडल्यापासून इंदुरात ओळखीच्या लोकांसाठी पाच-सहा जणांच्या छोट्या बैठका घेते. जे सांगते आहे ते या दोन्हीकडच्या अनुभवातून.

बाबांच्या हातात प्यायला काही द्यायचं आहे, की एखाद्या गोष्टीची ओळख करून द्यायची आहे, हे आधी ठरवा. साठीला दहा पाहुणे असतील, गप्पा रंगणार असतील, तर बाटलीच हवी. तिथे कुपी काढणं म्हणजे भर लग्नात एखाद्याला नीट कविता ऐकवायला बसवण्यासारखं आहे. पण बाबा शनिवारी एकच पेग शांतपणे घेणारे असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: संच आणा, मात्र तो साठीच्या दिवशी संपवू नका. पाच कुप्या म्हणजे पाच शनिवार.

३० मिली म्हणजे आपला छोटा पेग. चाखायला तो पुरतो. ब्लेंडर मंडळी, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांची मिसळ ठरवणारे तज्ज्ञ, तर व्हिस्कीत पाणी घालून ती साधारण २० टक्क्यांवर आणतात आणि बहुतेक निर्णय नाकानेच घेतात, घोट फार कमी वेळा घेतला जातो. आमच्या टेबलावर २० मिलीच्या नमुन्यावर आख्ख्या पिंपाचं भवितव्य ठरायचं. म्हणून प्रमाणाची काळजी सोडा. काळजी घ्यायची ती कुपीत काय आहे याची, आणि ती उघडल्यावर तिला किती वेळ दिला जातो याची.

आता 'जुनी' आणि 'दुर्मीळ' हे दोन शब्द वेगळे करू, कारण संच विकणारे ते एकत्र बांधून विकतात. लेबलवरचं वय म्हणजे पिंपात काढलेली वर्षं. बाटलीत गेल्यावर व्हिस्कीचं वय वाढत नाही. कपाटात तीस वर्षं पडून राहिलेली बारा वर्षांची बाटली बाराच वर्षांची राहते. आणि ते वय त्यातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे स्कॉच किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहायला हवी, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको आणि बाटलीत ती ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

ही ४० टक्क्यांची अट जुन्या व्हिस्कीच्या बाबतीत महत्त्वाची आहे. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते आणि तिचा कडकपणाही हळूहळू उतरतो. चाळीस वर्षांनी पिंपातली पातळी खूप खाली आलेली असते आणि अल्कोहोल ४१-४२ टक्क्यांवर येऊन टेकलेलं असू शकतं. ते ४० च्या खाली गेलं की तिला स्कॉच म्हणताच येत नाही. शिवाय इतकी वर्षं लाकडाशी राहिल्यावर लाकूड बोलायला लागतं. काही पिंपांमधून जायफळ, चंदन, जुनी खारीक असं सुंदर काही येतं, आणि काहींतून तासभर उकळलेल्या चहासारखा कडवट तुरटपणा. चाळीस वर्षांची म्हणून ती चोवीस वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा सरस असेलच असं नाही. बैठकांमध्ये मी लेबलं झाकून ओतते, तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या व्हिस्कीला पहिली पसंती क्वचितच मिळते. माझ्या अनुभवात अठरा ते तीस या पट्ट्यात लोकांचे डोळे चमकतात.

आपल्याकडच्या हवेत हे गणित सगळंच बदलतं. बंगळुरूला अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात वर्षाला १० ते १२ टक्के उडतं, म्हणून तिथे आठ-दहा वर्षांची व्हिस्कीसुद्धा खूप जुनी मानतात. भावाला सांगून पाच स्कॉच आणण्यापेक्षा चार स्कॉच आणि एक जुनी भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची) असा संच जमला, तर बाबांना तुलना फार छान करता येईल. ती पाचवी इथेही मिळू शकते.

'दुर्मीळ' हा वेगळा प्रकार. १९८३ साली मागणी कोसळल्यामुळे स्कॉटलंडमधल्या बऱ्याच डिस्टिलऱ्या एका दमात बंद झाल्या. पोर्ट एलन, ब्रोरा, सेंट मॅग्डलिन त्यातल्याच. रोझबँक १९९३ साली थांबली. यातल्या काही आता पुन्हा सुरू झाल्या आहेत, ब्रोरा २०२१ साली आणि पोर्ट एलन २०२४ साली. सेंट मॅग्डलिनच्या इमारतीत आता लोक राहतात. जुन्या मालाचा जो साठा उरला आहे तो उरला आहे, त्यात भर पडणार नाही. अशी आख्खी बाटली विकत घेणं तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आवाक्यात नाही. ७०० मिलीच्या बाटलीतून तीस मिलीच्या २३ कुप्या भरतात. तिचा तेविसावा हिस्सा मात्र साठीच्या भेटीत बसू शकतो. संचाची खरी किंमत मला इथे दिसते. जे एरवी काचेआडूनच पाहिलं असतं, ते एकदा नाकापर्यंत येतं.

आता नाजूक मुद्दा. कुपीत खरंच तेच आहे का? २०१७ साली स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ सालचं लेबल असलेल्या व्हिस्कीच्या एका मापासाठी जवळजवळ १०,००० फ्रँक मोजले. शंका आली म्हणून ती ऑक्सफर्डला तपासली, तर ती १९७०-७२ च्या सुमाराची निघाली, आणि सिंगल माल्ट नव्हे, माल्ट आणि ग्रेनची, म्हणजे इतर धान्यांच्या व्हिस्कीची, मिसळ. हे तपासता येतं, कारण १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन, वाढलं आणि त्या-त्या वर्षीच्या बार्लीत त्याची खूण राहिली. पुढच्या वर्षी ग्लासगोजवळच्या प्रयोगशाळेत ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ बनावट किंवा लेबलवर लिहिलेल्या साली न बनलेल्या निघाल्या. हे मोठ्या बाटल्यांचं. कुपीला तर मूळ झाकण नाही, मूळ सील नाही, कोणी तरी ओतून भरलेली असते.

म्हणून भावाला एवढंच सांगा की संच परवाना असलेल्या, स्वतः बाटली उघडून कुप्या भरणाऱ्या दुकानाकडूनच घे. ऑनलाइन भेटलेल्या एखाद्या संग्राहकाकडून नको, तो कितीही भला वाटला तरी. प्रत्येक कुपीवर डिस्टिलरीचं नाव, वय, डिस्टिल केल्याचं आणि बाटलीत भरल्याचं वर्ष, अल्कोहोलची टक्केवारी आणि बाटली भरणाऱ्या कंपनीचं नाव पाहिजे. पिंपाचा क्रमांक असेल तर उत्तम. गॉर्डन अँड मॅकफेल, केडनहेड यांच्यासारख्या स्वतंत्र बॉटलर कंपन्या डिस्टिलऱ्यांकडून घेतलेली व्हिस्की वर्षानुवर्षं सांभाळून आपल्या नावाने भरत आल्या आहेत. त्यांची नावं लेबलवर दिसली तर बिचकू नका. नुसतं 'रेअर ओल्ड' लिहिलेलं आणि वर्ष नसलेलं असेल, तर ते सोडून द्या.

संच कधी घ्यायचा हेही महत्त्वाचं. कुपीत द्रव कमी आणि त्यामानाने हवा जास्त, त्यामुळे ती मोठ्या बाटलीपेक्षा फार लवकर उतरते. हे मी फार वाईट रीतीने शिकले. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या एका बंद पडलेल्या डिस्टिलरीची कुपी मला कामावरच्या सहकाऱ्यांनी निरोपाला दिली होती. यजमान निवृत्त होतील त्या दिवशी दोघांनी मिळून उघडू, म्हणून मी ती माळ्याजवळच्या कपाटात ठेवली. इंदूरचे दोन उन्हाळे तिने तिथे काढले. उघडली तेव्हा पातळी बोटभर खाली आली होती. धूर नव्हता, गोडवा नव्हता, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास तेवढा उरला होता. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तेव्हापासून मी कुपी तीन-चार महिन्यांच्या वर ठेवत नाही. तोवर झाकणावरून प्रयोगशाळेतली ताणली जाणारी मेणाची पट्टी, म्हणजे पॅराफिल्म, गुंडाळून खालच्या मजल्यावरच्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कप्प्यात उभी ठेवते. आडवी कधीच नाही. मार्गशीर्षात आणलेला संच माघापर्यंत संपवा. पाच शनिवारांचा हिशोब त्यातूनही आला आहे.

बाबांचं नाक कसं आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. साठीला वासाची जाण थोडी मंदावलेली असते, आणि कोविड होऊन गेल्यावर काहींची अजून पूर्ण परतलेली नाही. डोळे मिटून लवंग, कापूर आणि कॉफी हुंगायला द्या. तिन्ही पटकन ओळखली तर रोझबँकसारखी हलकी, फुलांच्या अंगाची व्हिस्कीही त्यांना भेटेल. अडखळले, तर संचात शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या किंवा धुराच्या, पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर बार्ली वाळवलेल्या) व्हिस्की जास्त ठेवा, त्या मोठ्याने बोलतात. आणि त्यांना शुगर, बीपी किंवा झोपेची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी विचारा. छोटा पेग असला तरी विचारा.

आता शनिवारच्या बैठकीबद्दल. इंदूरच्या घरात वासाशी स्पर्धा करणारं बरंच काही असतं. जीरावन मसाला, हिंगाची फोडणी, संध्याकाळची उदबत्ती, लसणाची शेव. यातलं काहीही त्या खोलीत तासभर आधीपासून नको. चकण्याला शेव-परमलातली शेव काढून टाका आणि नुसते परमल, म्हणजे कुरमुरे, ठेवा. जीभ पुसायला त्यासारखं दुसरं काही नाही. पान, बडीशेप नंतर. पेला खाली फुगीर, वर निमुळता असा हवा. ग्लेनकेर्न मिळाला तर छान, नाही तर छोटा वाइन ग्लास चालेल. पसरट टंबलर नको, त्यातून वास सगळा खोलीत जातो. पेला साबणाने नव्हे, नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि लाकडी कपाटात पालथा घालू नका. लिंबाच्या साबणाचा वास पुसता पुसत नाही. असे खराब झालेले नमुने मी कितीतरी पाहिले आहेत.

एका शनिवारी दोन पेले मांडा. एकात कुपीतली, दुसऱ्यात बाबांची नेहमीची व्हिस्की, तेवढीच. या मुद्द्यावर मी हट्टी आहे. दुर्मीळ व्हिस्की एकटी समोर ठेवली तर माणूस आदराने मान डोलावतो आणि त्याला काही कळलेलं नसतं. शेजारी रोजची ओळखीची ठेवली, की लगेच फरक बोलू लागतात: इथे व्हॅनिला थांबला, इथे तो पुढे गेला, इथे घोट गिळल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा काही तरी आलं. पहिल्या बैठकीला माझ्याकडे आलेले एक निवृत्त गृहस्थ गप्प बसले होते. नेहमीची समोर आल्यावर ते पटकन म्हणाले, "ही माझी आहे, ही ओळखते मला. ती दुसरी अजून विचारात आहे." जुन्या व्हिस्कीचं इतकं नेमकं वर्णन मी कारखान्यातल्या वहीतही लिहिलं नव्हतं.

ओतल्यावर पेल्यावर बशी झाका आणि दहा-पंधरा मिनिटं काही करू नका. मार्गशीर्षात गारठा असेल, तर पेला तळहातात धरून थोडा उबेला आणा. नाक आत खुपसायचं नाही. तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून हुंगायचं, थांबायचं, पुन्हा हुंगायचं. तीसातले दहा मिली तसेच घ्या, पाणी न घालता. पुढच्या दहात ड्रॉपरने दोन-चार थेंब पाणी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, म्हणून बाटलीतलं, कमी क्षारांचं घ्या. पाण्याने वास का उघडतो, याचा अभ्यास स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोघांनी २०१७ साली मांडला. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो. पण चाळीस वर्षांची, ४१-४२ टक्क्यांवर आलेली व्हिस्की असेल तर माझं ऐका, पाणी घालू नका. एका थेंबानेही तिचा पोत मोडतो आणि मग ती परत येत नाही. ५५ टक्क्यांच्या वरच्या व्हिस्कीला मात्र पाणी हवंच. उरलेले दहा मिली अर्ध्या तासाने घ्या. तेव्हा पेल्यात वेगळीच व्हिस्की असते.

कुप्यांचा क्रम. लोक सगळ्यात जुनी शेवटी ठेवतात, जशी सगळ्यात भारी मिठाई शेवटी. तसं करू नका. जुनी व्हिस्की बोलते हळू. तिच्या आधी धुराची, कडक तरुण व्हिस्की झाली असेल, तर तिचं काहीच ऐकू येत नाही. तुमच्या बाबतीत शनिवार वेगवेगळे आहेत, त्यामुळे अडचण कमी आहे, पण तरी पहिल्या शनिवारी मधलीच, वीस-बावीस वर्षांची उघडा. नाकाला सवय झाली की दुसऱ्या किंवा तिसऱ्या शनिवारी सगळ्यात जुनी. पीटची सगळ्यात शेवटी. साठीच्या दिवशी पाहुण्यांसमोर काही उघडायचंच असेल, तर पाहुण्यांसाठी चांगली बारा-पंधरा वर्षांची मोठी बाटली ठेवा आणि संच बाबांना नुसता द्या, बंद. डबा उघडून लेबलं वाचण्यातही मजा असते.

संचासोबत येणारी चवींची पुस्तिका पहिल्या शनिवारी लपवून ठेवा. त्यात फ्रूटकेक, मार्मलेड, हेदर असं लिहिलेलं असतं. ज्यांनी हेदरचं फूल कधी पाहिलेलं नाही, ते बिचारे ते वाचून गोंधळतात आणि आपल्याला काही कळत नाही असं समजतात. बाबांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या. मला आजवर मिळालेली नेमकी वर्णनं अशी आहेत: गुळाची काकवी, चिंचेचा कोळ, आजीच्या नऊवारीतली डांबरगोळी, पूजेनंतरची पितळी समई, पावसात भिजलेलं गोणपाट, टिंक्चर आयोडीन. १९६० च्या दशकातल्या बोमोर डिस्टिलरीच्या व्हिस्कीत तर पिकलेला आंबा आणि पपई इतके स्पष्ट येतात, की आपल्या माणसाला ते युरोपातल्या तज्ज्ञाच्या आधी ओळखता यावेत. तुम्ही शेजारी वही घेऊन बसा आणि ते म्हणतील ते तसंच्या तसं लिहा. तारीख घाला.

आजोबांच्या मिनिएचरबद्दल. लेबलवर '७० प्रूफ' असं असेल तर ते जुन्या ब्रिटिश पद्धतीने, म्हणजे आजचे ४० टक्के, आणि बाटली साधारण १९८० च्या आधीची. उजेडासमोर धरून पातळी पाहा. मानेपर्यंत भरलेली असेल तर आशा आहे. खांद्याच्या खाली उतरली असेल तर ती चाखण्यासाठी संपली, शोकेससाठी नाही. जुनी पत्र्याची फिरकीची झाकणं आतून गंजतात किंवा त्यांचं अस्तर सुटतं, मग व्हिस्कीला नाण्यासारखा वास येतो. एकच उघडा, पातळी सगळ्यात चांगली असेल ती, आणि आधी चमचाभर हुंगून बघा. चिनी मातीच्या असतील तर उघडूच नका. जुन्या झिलईतून शिसं उतरू शकतं. बाकीच्या तशाच राहू द्या. आजोबांनी त्या कुठून कुठून आणल्या हे बाबांना आठवत असेल, तर तेही वहीत घ्या.

प्रवासाचं भावाला नीट समजावून सांगा. परदेशातून येताना माणशी २ लिटर मद्य करमुक्त आणता येतं, पाच कुप्या म्हणजे जेमतेम १५० मिली. १०० मिलीच्या आतल्या म्हणून त्या हातातल्या सामानात पारदर्शक पिशवीतून नेता येतात. माझा सल्ला तसाच आणण्याचा आहे, चेक-इनमधल्या आदळआपटीने काच फुटते. झाकणांवर पॅराफिल्म, मग झिपची पिशवी. कुरिअरने मागवणं पूर्णपणे विसरा. आणि संच घेऊन बडोद्याला जाऊ नका. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, बाहेरच्या माणसाला वेगळा परवाना काढावा लागतो, आणि दाहोदच्या बाजूने गाडीत कुपी सापडली तर तिची किंमत, तिचं वय, बाबांची साठी, यातलं काही कुणी ऐकून घेणार नाही. कार्यक्रम बडोद्याला झाला तर तो होऊ द्या, पेढे खा, आत्याकडे जेवा. संच इंदूरच्या घरी थंड कप्प्यात वाट पाहील.

आणि पहिल्या शनिवारी रात्री पेले धुऊ नका. तसेच टेबलावर राहू द्या, वर बशी झाकून. अल्कोहोल उडून जातं आणि लाकूड, धूर, व्हॅनिला तळाशी चिकटून राहतात. प्रयोगशाळेत आम्ही याला 'सकाळचा पेला' म्हणायचो आणि शंका असली की त्यालाच विचारायचो. रविवारी चहाच्या आधी दोन्ही पेले बाबांना हुंगायला द्या. त्यांची नेहमीची कोणती आणि कुपीतली कोणती, हे तुम्ही न सांगता त्यांनी ओळखलं, तर पुढचे चार शनिवार माझ्या मदतीशिवाय होतील.